जानरावकाकांचं चूलबंद आवतन

जानरावकाका पहिल्यांदा आमच्या दारात आले तेव्हा त्यांनी माझं नाव विचारलं नाही. शिक्षण, नोकरी, लग्न यातलंही काही विचारलं नाही, आणि आमच्या गल्लीत हे नवलच. त्यांनी चपला बाहेर काढल्या, दारातून आत मान घातली आणि विचारलं, "पानं किती?"

पुण्याचं बिऱ्हाड मोडून मी आईजवळ पुसदला राहायला आले होते, त्याचा तो दुसरा दिवस. आई आतून ओरडली, "दोन झाले आता, भाऊजी! मी अन् वैशू!"

काकांचा चेहरा एकदम फुलला. "दुप्पट झाले की वो!" असं म्हणून ते चहासुद्धा न घेता भिंतीपलीकडच्या आपल्या घरी गेले.

पान म्हणजे पत्रावळ, आणि पत्रावळ म्हणजे तिच्यापुढे बसून जेवणारा माणूस. जानरावकाकांना जगात दुसरं मोजमाप मान्य नाही. एकदा यवतमाळला जाताना आम्ही एकाच एसटीत होतो. आर्णी यायच्या आत त्यांनी उभं राहून दोनदा मोजणी केली आणि कंडक्टरला सांगितलं, "चौपन्न पानं हायेत. सव्वातीन किलो तुरीची दाळ अन् सात किलो वांगे, बस्स." कंडक्टर पुसद डेपोचाच होता, त्यामुळे त्याने फक्त मान डोलावली. टीव्हीवर क्रिकेटचा सामना लागला की काका खेळाकडे ढुंकून पाहत नाहीत. प्रेक्षकांत कॅमेरा फिरला की मात्र पुढे सरकतात. "एवढ्याले आठशे वाढपी लागतीन. अन् पान्यावाले अलग." कोणाच्या मातीला जाऊन आले की आंघोळ करून ओसरीवर बसतात आणि एवढंच म्हणतात, "तीनशे बारा होते. मानूस चांगला होता."

नोकरी केली त्यांनी जिनिंगच्या गेटवर, कापसाच्या गाड्या मोजायची. पण खरा जन्म गेला पंगतीत. चाळीस वर्षं ते जिल्हाभर मुख्य वाढपी म्हणून फिरले. लग्न असो, तेरवी असो, भागवत सप्ताह असो नाहीतर शेतातलं रोडग्याचं जेवण असो, पंगत बसवायची ती काकांनीच. त्यांच्या पंगतीचे नियम कडक. आवतन द्यायचं ते उंबरठ्यावर जाऊन. तेही चूलबंद, म्हणजे त्या घरात त्या दिवशी चूल पेटवायची नाही, सगळ्यांनी यायचं. ऐन वेळेस दुसरी हाक गेल्याशिवाय कोणी उठून यायचं नाही. पान वाढलं तरी काकांनी "होऊ द्या सावकाश!" म्हटल्याशिवाय घासाला हात लावायचा नाही, आणि शेवटच्या माणसाचं ताक पिऊन होईपर्यंत कोणी उठायचं नाही.

मग गावोगावी बुफे आला. बुफेला काका 'चराई' म्हणतात. "हातात ताट घेऊन मानूस हिंडून राह्यला. कोन जेवलं, कोन उपाशी, काई पत्ता लागते का?" एका लग्नात त्यांनी बुफेच्या टेबलापाशी दीड तास उभं राहून माणसं मोजायचा प्रयत्न केला. लोक दुसऱ्यांदा जिलबीला येत होते, त्यामुळे आकडा जुळेना. काकांना त्या दिवशी ताप आला, असं आई सांगते.

काका पुढे पंगतीत असायचे, तेव्हा गिरजाकाकू मागे चुलीवर असायच्या. सगळं गाव जेवून उठलं की वाढप्यांची शेवटची पंगत बसे. तिच्यात दोघं शेजारी शेजारी बसून दुपारी चारला जेवत. चार वर्षांपूर्वी काकू गेल्या. काका अजूनही बोलावलं तिथे वाढायला जातात, पण शेवटच्या पंगतीला बसत नाहीत. पाणी पितात, दुपट्टा खांद्यावर टाकतात आणि सायकल काढतात. कोणी फारच आग्रह केला तर म्हणतात, "घरी जेवन हाय." घरी काय असतं ते आईला चांगलं ठाऊक आहे, कारण डबा तीच देते.

आता माझं सांगते, म्हणजे पुढचा घोटाळा लक्षात येईल. मी एका छोट्या कंपनीत खेळ तपासायचं काम करते. फोनवर खेळायचे खेळ. आमचा खेळ अवकाशातला. प्रत्येकाला एक यान मिळतं. एका भल्यामोठ्या तळावरून निघायचं, चंद्राला फेरी घालायची, वाटेत खनिजं गोळा करायची आणि परत यायचं. हजार माणसं एकाच वेळी एकाच आकाशात खेळू शकतील, अशी आमची फुशारकी. ती खरी की खोटी, हे पाहणं माझ्या गळ्यात.

संगणकाने चालवलेली खोटी माणसं आम्ही पाच हजार सोडून पाहिली होती. पण ती फार शहाणी असतात. खरा माणूस फुटक्या काचेच्या फोनवर, झाडाखाली, अर्ध्या रेंजमध्ये नको ते बटण दहा वेळा दाबतो. आम्हाला ती माणसं हवी होती. तीन चाचण्या घेतल्या, तिन्ही फसल्या. लोक यायचे, अर्ध्या मिनिटात तळावरून दहा दिशांना पांगायचे आणि दहा मिनिटांत कंटाळून निघून जायचे. सगळ्यात जास्त जमले ते एकशे चाळीस. शेवटी ज्यांच्या हातात निर्णय होता त्यांनी निक्षून सांगितलं की आता एकच संधी. हजार खरी माणसं, एकत्र, तासभर टिकली पाहिजेत. नाहीतर खेळ कायमचा बंद, आणि आम्ही नऊ जण घरी. चार वर्षं आम्ही त्या खेळावर जीव टाकला होता. आणि मला तर घरी बसून, आईजवळ राहून करता येईल असं दुसरं काम कुठे मिळणार होतं?

त्या संध्याकाळी मी अंगणात फोनवर समीरशी बोलत होते. समीर म्हणजे आमचा पुण्यातला प्रमुख. बोलत होते म्हणजे खरं तर रडतच होते. फोन ठेवला तर भिंतीवर काकांचं डोकं.

"किती पानं पाह्यजे?"

"हजार," मी नाक पुसत म्हटलं.

"जमले किती?"

"एकशे चाळीस."

"आवतन कोनं देल्लं होतं?"

"इंटरनेटवर जाहिरात टाकली होती, काका."

काकांनी कपाळावर हात मारला. "जाहिरात वाचून कोन येते वो पोरी? तू जाशीन का?" मग ते भिंतीला वळसा घालून आमच्याकडे आले आणि मागची चाचणी दाखव म्हणाले. मी लॅपटॉपवर दाखवली. तळावर यानं उतरतात न उतरतात तोच इकडेतिकडे उधळली. काका एकदम उठून उभे राहिले.

"हे तं बुफे हाय!"

चार वर्षांत आमच्या खेळातला दोष इतका नेमका कोणी सांगितला नव्हता. मी त्यांना अवकाश, यान, चंद्र असं सगळं समजावू लागले, तर त्यांनी हाताने थांबवलं. "चंद्राचं तू पाह्य. मले बारा दिवस दे." समीरने वेळ रात्री नऊची ठरवली होती. काकांनी ती तिथल्या तिथे रद्द केली. "रात्री मानूस दमलेला रायते अन् लाईन जाते. ऐतवारी अकरा वाजता. पंगतीचा टाईम तोच."

बारा दिवस काका एसटीने फिरले. पिशवीत पिवळ्या अक्षदा, पाण्याची बाटली आणि आईच्या हातच्या दशम्या. महागाव, उमरखेड, दिग्रस, आर्णी, पार झरी जामणीपर्यंत. जिथे जिथे म्हणून त्यांनी उभ्या आयुष्यात वाढलं होतं, तिथे तिथे त्यांचा एकेक जुना वाढपी होता. अक्षदा चालतात तिथे अक्षदा, बौद्ध वस्तीत "जय भीम" करून नुसता जोडलेला हात, बंजारा तांड्यावर आधी नायकाच्या, म्हणजे तिथल्या प्रमुखाच्या, घरी चहा. एक दिवस मीही सोबत गेले. एका घरी बाई शेणाचा सडा टाकत होती.

"राम राम बाई. ऐतवारी चूलबंद आवतन हाय. घरातले सारे फोन घेऊन याचं."

"बरं काकाजी. जेवाले काय हाय?"

"जेवाले काई नाई. चंद्राले चक्कर मारून वापस याचं हाय."

"बरं," बाई म्हणाली. "किती वाजता?"

मी जमिनीकडे बघत हसू दाबलं. त्या बाईने मात्र पुढे काहीही विचारलं नाही. जानरावकाका स्वतः उंबरठ्यावर आले होते, एवढं तिला पुरे होतं. गावातल्या कॉलेजात जाणाऱ्या मुलींकडे फोनवर खेळ टाकून द्यायचं काम सोपवून आम्ही पुढच्या गावाला निघालो.

शनिवारी काका स्वतःचे दोन फोन घेऊन आले. एक त्यांचा नेहमीचा, दुसरा जुना, मागे पिवळा फुलांचा कागद चिकटवलेला. "या दोन्हीत टाकून दे. नावं मी टाकतो मंग." मी टाकून दिला.

"म्हणजे उद्या तुम्हीही खेळणार तर," मी म्हटलं. "एक माणूस वाढला."

"वाढपी पंगतीत बसत नाई, पोरी."

रविवारी सकाळी नऊलाच ते आमच्या ओसरीवर हजर झाले. धुवट पायजमा, खांद्यावर दुपट्टा, हातपाय धुतलेले. मी लॅपटॉप उघडून बसले. पुण्यात समीर आणि बाकीचे सात जण फोनवर होते, आणि निर्णय घेणारेही लांबून बघत होते. अकरा वाजले. तळावर सदतीस यानं होती, आणि त्यातली नऊ आमचीच.

अकरा वाजून पाच मिनिटं झाली. अडतीस. समीर म्हणाला, "वैशाली, तुझ्या त्या काकांची माणसं कुठे आहेत?" त्याच्या आवाजात चेष्टा होती की भीती, ते मला कळलं नाही. काका मात्र सुपारी कातरत बसले होते.

"काका! कोणीच आलं नाही!"

"कसे येतीन? हाक कुठी गेली अजून? पानं मांडले का तुमचे?"

"कधीचीच मांडलीत!"

"मंग सांगाचं ना बाप्पा!" काकांनी अडकित्ता खाली ठेवला, फोन तोंडाशी धरला आणि गावोगावच्या आपल्या वाढप्यांना एकच निरोप बोलून पाठवला: "चाला हो, पानं मांडले! चाला!"

ती हाक कशी पसरली ते मला नंतर समजलं. कुठे ग्रामपंचायतीच्या भोंग्यावरून, कुठे थाळी वाजवून, एका तांड्यावर नायकाने स्वतः घरोघरी जाऊन. मला दिसत होता तो फक्त आकडा. नव्वद. एकशे साठ. चारशे. सातशे. काका लॅपटॉपला जवळजवळ नाक लावून बसले होते आणि त्यांचे ओठ हलत होते.

साडेअकराला हजार झाले! मी किंचाळले, आई लाटणं घेऊनच बाहेर आली. पण पुण्यात वेगळीच घबराट. "वैशाली, काहीतरी बिघडलंय," समीर ओरडत होता. "कोणी हलतच नाहीये. सगळी यानं अडकलीत!"

मी पडद्याकडे नीट पाहिलं आणि मला हसावं की रडावं कळेना. अडकलं काहीही नव्हतं. माणसांनी आपापली यानं शेजारी शेजारी लावून सरळ रांगा धरल्या होत्या. समोरासमोर तोंडं करून, आणि मधे वाढप्याला जायला वाट सोडून. उशिरा येणारा प्रत्येकजण मुकाट्याने रांगेच्या टोकाला जाऊन बसत होता. पंगत बसली होती. आता "होऊ द्या" म्हटल्याशिवाय कोण हात लावणार?

"काका, म्हणा ना आता!"

"झरीचे अजून याचे हायेत."

"हजार झाले, काका! आम्हाला हजारच पाहिजेत!"

काकांनी डोळे वटारून माझ्याकडे पाहिलं. "आवतन देल्लं हाय त्यायले. ते येऊन उष्ट्या पंगतीत बसतीन का?"

झरी जामणीची माणसं रेंजसाठी टेकडी चढून गेली होती. पावणेबाराला ती आली. तोवर पुण्यातला सूर पालटला होता. इतकी खरी माणसं इतका वेळ एकमेकांना चिकटून बसलेली त्या लोकांनी कधी पाहिलीच नव्हती. आमच्या खेळाची खरी परीक्षा तीच होती, आणि ती आपसूक चालली होती. काकांनी दुपट्टा सारखा केला, खेळातल्या सगळ्यांना ऐकू जाईल असा चालू केलेला माझा फोन घेतला आणि खणखणीत आवाजात म्हणाले, "घ्या मंडळी! होऊ द्या सावकाश!"

एक हजार एकशे शहाण्णव यानं एकाच क्षणी उठली. चित्र गोठलं. एक, दोन, तीन सेकंद. मी आईचा हात इतका घट्ट धरला की तिची बांगडी पिचली. आणि मग सगळं आकाश सुरळीत हललं. यानं चंद्राकडे निघाली. कोणी उलटं, कोणी तिरकं, दोघं एकमेकांवर आपटून परत सरळ होऊन, पण निघाली! पुण्यात कोणीतरी टेबल बडवत होतं. मी ओसरीवर नाचले, हे मला कबूल करायला लाज वाटत नाही.

साडेबारापर्यंत बहुतेक सगळे फेरी मारून तळावर परत आले आणि पुन्हा आपापल्या जागी रांगेत बसले. एकही गेला नाही. कारण झरीच्या टेकडीवरची एक आजी अजून चंद्राच्या मागे होती. तिचं यान एकाच जागी गरगर फिरत होतं. एक हजार एकशे पंच्याण्णव माणसं तिच्यासाठी थांबली. खेळात एकमेकांना लिहायची सोय आहे. तिथे ओळींमागून ओळी येत होत्या. 'होऊ द्या आजी.' 'घाई नाई.' 'डावीकडे दाबा आजी.' एक वाजायला दहा मिनिटं असताना आजी तळावर पोचली, आणि काकांनी समाधानाने मान हलवली. सगळी पंगत एकदम उठली. पाच मिनिटांत तळ रिकामा.

निर्णय घेणाऱ्यांचा फोन तेव्हाच आला. खेळ चालणार होता, आम्ही नऊ जण राहणार होतो. आई गल्लीत बुंदी वाटत सुटली. मी काकांच्या पाया पडले, तर ते संकोचून म्हणाले, "एक हजार एकशे शहाण्णव. बहात्तर किलो दाळ लागली असती, वैशू!" चाळीस वर्षांतली त्यांची ही सगळ्यात मोठी पंगत होती. त्यांचे डोळे नुसते चमकत होते.

"भाऊजी, आज आमच्याकडेच जेवा," आई म्हणाली.

"घरी जेवन हाय," म्हणत त्यांनी दुपट्टा खांद्यावर टाकला. त्यांचा डबा आईने त्यांच्या हाती दिला, आणि ते गेले.

दीड वाजता समीर सगळं बंद करायला निघाला. मी सहज शेवटचं पाहून घ्यावं म्हणून तळ उघडला, तर दोन यानं अजून तिथेच उभी. शेजारी शेजारी. माणूस निघून गेला तरी त्याचं यान मागे राहतं, असा एक दोष आम्हाला पूर्वी छळायचा, त्यामुळे माझं धाबं दणाणलं. मी नावं पाहिली. एकावर लिहिलं होतं 'जानराव'. दुसऱ्यावर 'गिरजा'.

मी भिंतीला वळसा घालून गेले. काकांचं दार उघडंच होतं. स्वयंपाकघरात ते पाटावर मांडी घालून बसले होते. शेजारी दुसरा पाट. समोर दोन ताटं, आईच्या डब्यातली वांग्याची भाजी दोन्हींत वाढलेली. तांब्याला टेकवून दोन फोन उभे केलेले, एक त्यांचा आणि एक पिवळ्या फुलांचा. काका जेवत होते. त्यांना जेवताना मी पहिल्यांदाच पाहत होते.

मला पाहून ते जरा ओशाळले. "शेवटची पंगत हाय पोरी, वाढप्यायची. एवढी मोठी झाली, तं म्हणलं तिले बी बसवाव." मग घास तसाच हातात धरून त्यांनी विचारलं, "बंद करून राह्यले का तुमी?"

"नाही काका," मी म्हटलं.

मी बाहेर येऊन समीरला फोन लावला. म्हटलं, बंद करू नकोस, दोन पानं बसलीत अजून.

"किती वेळ ठेवू?" त्याने विचारलं.

"होऊ द्या," मी म्हटलं. "सावकाश."